उद्यमनगरातली थ्री सिरीज

(दृश्य: विजयादशमीची संध्याकाळ, दसरा चौक. गर्दीतून हळू सरकणारी जुनी मोटार.)

कोल्हापूरला जर्मन गाडीचं अप्रूप काल-परवाचं नाही. दरवर्षी दसऱ्याला छत्रपती घराण्याची स्वारी या चौकात येते ती मेबॅकमधून. राजाराम महाराजांच्या काळातली गाडी. सोनं लुटायला जमलेल्या गर्दीत शमीपेक्षा बॉनेटकडं जास्त बघणारी माणसं दरसाल असतात. ती लगेच ओळखू येतात. बाकीचे मोबाइल उंच धरतात, हे खाली वाकून टायर बघतात.

मेबॅकनं आधी झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवली आणि १९२१ मध्ये स्वतःची मोटार आणली. वजन कमी, ताकद जास्त आणि तासन्‌तास न थांबता चालणं, हा आकाशातला हिशेब रस्त्यावर उतरला. पुढं म्युनिकच्या बीएमडब्ल्यू, श्टुटगार्टच्या मर्सिडीज, इंगोलश्टाटच्या ऑडी, वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन या कारखान्यांनी तो आपापल्या पद्धतीनं मांडला.

ही फिल्म मात्र राजवाड्यातल्या गाडीवर नाही. वाकून टायर बघणाऱ्यांवर आहे.

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर, सकाळ. शटर वर जातंय. लेथ सुरू होते.)

या गल्ल्यांत इंजिनाचा सुटा भाग नवा वाटत नाही. इथून गोकुळ शिरगावपर्यंत आणि तिकडं शिरोलीपर्यंत फाउंड्र्यांची रांग आहे. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह यांची कास्टिंग्ज इथं ओतली जातात, इथंच मशीनिंग होतं. जुन्या पिढीतले कारागीर म्हादबा मिस्त्री यांचं नाव इथं अजून आदरानं घेतलं जातं. मिस्त्री म्हणजे हातात पाना धरणारा नोकर, असं समजून या गल्लीत आलात तर तुमचं काम शेवटी होईल.

शेडमध्ये रॅम्पवर उभी आहे बीएमडब्ल्यू थ्री सिरीज. ई-९० पिढीची, २००५ नंतर बाजारात आलेली. बॉनेटखाली एका ओळीत सहा सिलिंडर. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, नाही. मालक स्वतः एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. गाडी नवी असताना तिची किंमत ऐकून त्यानं फोन ठेवला असता. आता ती तिसऱ्या हातची आहे आणि साध्या नव्या हॅचबॅकच्या भावात मिळाली.

इथंच बहुतेक जण फसतात, म्हणून जरा थांबूया. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चाक धरून ठेवणाऱ्या कंट्रोल आर्मला कळत नाही की मालकानं गाडी कितीला घेतली. स्वस्तात मिळालेली जुनी जर्मन गाडी ही पुष्कळदा गल्लीतली सगळ्यात महागडी गाडी ठरते. ज्याला हे घेण्याआधी कळलं, तो या नादात टिकतो.

(दृश्य: इंजिनचा क्लोजअप. स्टार्ट. आवाज स्थिर होतो.)

हा आवाज ऐका. चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होताना जे धक्के उरतात, ते सरळ सहामध्ये एकमेकांना खोडून काढतात. त्यामुळं वेगळा बॅलन्सर शाफ्ट लागत नाही. इंजिन होईल तेवढं मागं सरकवलंय, ताकद जाते मागच्या चाकांना, आणि वजनाची वाटणी पुढं-मागं जवळपास निम्मी-निम्मी. वळणावर स्टीअरिंग हातात का बोलतं, त्याचं उत्तर या मांडणीत आहे. बॅजमध्ये नाही.

आणि हा ब्लॉक बघायला फाउंड्रीतल्या माणसालाच आणावं. सिलिंडर आणि त्यांच्याभोवतीचे पाण्याचे मार्ग ॲल्युमिनियमचे. त्यांना वेढून बाहेरचं अंग मॅग्नेशियमचं. मॅग्नेशियमची घनता ओतीव लोखंडाच्या पाव भाग. पण कूलंट लागला की ते खराब होतं, म्हणून पाण्यापासून लांब ठेवलंय. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडांत आयुष्य काढलेला एक मोल्डर हे ऐकून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ह्यो ओतला कसा आसंल?” पुढचा अर्धा तास शूटिंग बंद होतं, कारण कॅमेऱ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

(दृश्य: रॅम्पखाली. ऑइल सम्प उतरवलेला. ताटलीत काढलेले बोल्ट.)

आजचं काम सम्पच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, गॅस्केटचं. वय झालं की रबर कडक होतं आणि तेल पाझरतं. काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. वादाचं कारण ठरले ते हे बोल्ट.

हे ॲल्युमिनियमचे आहेत आणि एकदाच वापरायचे. आधी ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या जोराला, आवळायचे, मग ठरलेल्या अंशात आणखी फिरवायचे. तेवढ्यात बोल्ट कायमचा ताणला जातो आणि त्या ताणानंच पकड धरतो. पुन्हा लावला तर तुटतो, किंवा तुटत नाही आणि पकडही धरत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट.

लेथ चालवणाऱ्या टर्नरमामांना हे पटेना. “मालक, ताटलीभर बोल्ट बाहेरून मागवताय. संध्याकाळपत्तूर स्टीलचे करून देतो. तुमची गाडी जाईल, बोल्ट ऱ्हाईल.”

मालक म्हणाला, “मामा, तेच नकोय. बोल्ट राहील, ब्लॉक जाईल.”

मॅग्नेशियमला स्टील चिकटलं आणि मध्ये ओल आली की दोन धातूंत बारीकशी बॅटरीच तयार होते. त्यात झिजतं ते मॅग्नेशियम. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल कुठून आणायची हा प्रश्न नसतो. ॲल्युमिनियम त्या मानानं मॅग्नेशियमशी जुळवून घेतं. मामांनी चष्मा वर केला, बोल्ट उजेडात धरला, आणि म्हणाले, “मग आसं म्हणा की, केमिस्ट्रीचं काम हाय.” वाद संपला. बोल्ट मागवले.

पण यावरून कुणी ठरवू नये की कंपनीचं पुस्तक नेहमी जिंकतं. याच गाडीला मालकानं शर्यतीच्या ट्रॅकसाठी हलकी बाजारी अलॉय चाकं घेतली. अशा चाकाचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे अनेक गाड्यांना चालतं. बीएमडब्ल्यूच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल उंचवट्याचा, व्यास ७२.६ मिलिमीटर, फोक्सवॅगनचा ५७.१. मधली फट तशीच सोडली तर चाक फक्त बोल्टांवर मध्यात बसतं, आणि शंभरच्या पुढं स्टीअरिंग थरथरतं. टायरवाला तीन-तीनदा बॅलन्सिंग करून देतो, थरथर जात नाही. मामांनी हब मोजला, चाक मोजलं, आणि दुपारच्या जेवणाआधी ॲल्युमिनियमच्या चार रिंगा काढून दिल्या. हातानं दाबून बसतात, हलत नाहीत. सस्पेन्शनचे बुश दाबून काढायचा पुलर, कॅमशाफ्ट जागेवर धरायची पट्टी, ही हत्यारंही याच लेथवर झाली. कुठं पुस्तक ऐकायचं आणि कुठं लेथ लावायची, एवढं कळणारा मिस्त्री मिळाला की जर्मन गाडी कोल्हापुरात सुखानं नांदते.

(दृश्य: रात्र. तरुण मुलं, लाल पोलो, लॅपटॉप.)

सगळ्यांना सहा सिलिंडर परवडत नाहीत. बहुतेकांची सुरुवात पोलोपासून झाली. चाकणच्या कारखान्यात २००९ पासून २०२२ पर्यंत बनलेली गाडी, म्हणजे पुण्याचीच म्हणा. २०१३ मध्ये तिची जीटी टीएसआय आली: १.२ लिटर, टर्बो, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. या मुलांचा पहिला खर्च रिमॅपवर होतो. लॅपटॉप लावायचा, टर्बोचा दाब वाढवायचा, वीस मिनिटांत गाडी वेगळी. मोह समजण्यासारखा आहे. पण त्या ड्राय क्लच गिअरबॉक्सची कारखान्यानं ठरवलेली मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे, आणि ब्रेक आहे तेच राहतात. आमच्या मते क्रम उलटा हवा. आधी टायर, मग ब्रेक, मग गाडी चालवणारा. लॅपटॉप सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट, जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही. या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत जात नाही. त्यामुळं व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि काजळी साठत जाते. परदेशात ती अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या झोतानं मारून काढतात. इथं हाताला ब्रश आणि भरपूर चहा.

(दृश्य: पावसाळा. पंचगंगा घाट. पाण्यात अर्धी बुडालेली दीपमाळ.)

पंचगंगेचा विषय टाळता येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. खाली बसणाऱ्या, जमिनीला टेकलेल्या गाडीला पूर म्हणजे काय, ते तेव्हा अनेकांनी पाहिलं. हवा ओढायचं तोंड पाण्याच्या पातळीला आलं आणि इंजिन चालू असलं की सिलिंडरमध्ये पाणी जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी ओसरल्यावर सेल्फ मारून बघणारे उरलेली गाडीही घालवतात. स्पार्क प्लग काढा, इंजिन हातानं फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या, मग पुढचं. नदीकाठच्या पेठेत राहणारे गाडीमालक जुलै लागला की गाडी उंचावरच्या पाहुण्यांकडं नेऊन लावतात. पाहुण्यांना त्याची सवय झाली आहे.

(दृश्य: कार्टिंग ट्रॅक. हेल्मेट घातलेली लहान पोरं.)

आता शर्यतीकडं येऊ. करूळ घाट, आंबा घाट, रविवारची पहाट आणि कॅमेरा लावलेल्या गाड्या: ते चित्रण आमच्याकडं आलं होतं, आम्ही वापरलेलं नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी घाटात समोरून उसाची ट्रॉली येते.

कोल्हापूरला सबब नाही, कारण कोल्हापूरला ट्रॅक आहे. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात. फोक्सवॅगननं २०१० मध्ये भारतात पोलो कप ही शर्यतींची मालिका सुरू केली, पुढं त्यात व्हेंटो आणि अमिओ या गाड्या आल्या. अमिओ कपात कोल्हापूरचा ध्रुव मोहिते धावला. अशा कपात सगळ्यांना सारखीच गाडी मिळते, इंजिनाला हात लावता येत नाही. मग उरतो तो फक्त चालवणारा. तालमीच्या गावाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या थ्री सिरीजवाल्याला कप जिंकायचा नाही. त्याला स्वतःची गाडी स्वतः मोठ्या ट्रॅकवर चालवायची आहे. त्यासाठी दक्षिणेला जावं लागतं. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, १९९० पासूनचा, साधारण ३.७ किलोमीटरचा, किंवा कोइमतूरजवळ चेट्टिपालयमचा करी स्पीडवे, त्याहून आखूड आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला बरा. नुसतं बंगळुरूच इथून सहाशे किलोमीटर. म्हणजे गाडी न मोडता पोचणं ही पहिली शर्यत. आणि तिथं काही झालं तर खर्च आपला, कारण नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या स्पष्ट शब्दांत वगळलेल्या असतात. पॉलिसी वाचा, शेवटच्या पानापर्यंत.

(दृश्य: शेडमध्ये ब्रेक फ्लुइड बदलताना. जुनं तेल काळपट.)

निघायच्या आदल्या आठवड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम कॅमेऱ्यावर अगदीच नीरस दिसतं. ब्रेक फ्लुइड. एक हिशेब करून बघा. दीड टनाची गाडी ताशी १६० वरून ६० वर आणली, तर त्या एका ब्रेकमध्ये जेवढी उष्णता निघते, तेवढ्यात चार लिटर गार पाणी उकळीला येईल. हे प्रत्येक लॅपमध्ये, प्रत्येक मोठ्या वळणाआधी. डॉट-४ फ्लुइड नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं. पण ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल शोषलेल्या फ्लुइडची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. फ्लुइड उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचं पेडल जमिनीला टेकतं. म्हणून कोल्हापूरचा पावसाळा काढलेलं फ्लुइड घेऊन ट्रॅकवर जायचं नाही. बाटली स्वस्त आहे.

(दृश्य: चेट्टिपालयम, सकाळ. पिट लेन. हेडलाइटवर टेप, दारावर नंबर.)

टर्नरमामा सोबत आलेत. पहिल्यांदाच. इथं जर्मन गाड्यांची रांग आहे, पण मामा रांगेतून फिरले ते प्रत्येक चाकाशी वाकून.

पहिलं सेशन संपतं. शेवटचा लॅप सावकाश, ब्रेकला वारा लागावा म्हणून. गाडी थांबली की हँडब्रेक ओढायचा नाही. मागं दगड लावायचा. तापलेल्या भागांना एका जागी आवळून ठेवू नये. टायरमधली हवा तापून चार-पाच पीएसआय वाढलीय, ती उतरवली जाते. मामा इन्फ्रारेड थर्मामीटर डिस्कवर धरतात, आकडा वाचतात, भुवया वर जातात. मग टायरच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवतात.

“पॅडला आजून जीव हाय. पर ह्यो टायर खांद्यावर चालतोय. चाक वरनं आत झुकवाय पायजे.”

“कॅम्बर, मामा. मूळ गाडीत तेवढं ॲडजस्ट होत नाही. वरच्या माउंटला प्लेट लागते, बाहेरून मागवावी लागेल.”

“पुन्यांदा बाहेरून? का, हितंबी केमिस्ट्री हाय का?”

“नाही. इथं नाही.”

“मग माप घ्या की. बॉनेट उघडा.”

दुसऱ्या सेशनला वीस मिनिटं आहेत. मालक हेल्मेट सीटवर ठेवतो आणि डिकीतून व्हर्नियर काढतो.