बस मिळते, ड्रायव्हरचा पगार मिळत नाही

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात 24 ऑगस्ट 2025 रोजी 32 बसमार्ग बंद झाले आणि दुसऱ्याच दिवशी शाळा उघडल्या. तिथली हायस्कूलची बरीच मुलं शाळेच्या पिवळ्या बसनं जात नाहीत. पास दाखवून 'सेप्टा'च्या, म्हणजे सार्वजनिक वाहतूक मंडळाच्या गाडीत चढतात. नेहमीची बस बंद, आणि दुसरी खच्चून भरून थांब्यावर न थांबताच पुढे गेली, की पहिला तास बुडालाच!

सेप्टाला वर्षाची तूट होती 21 कोटी 30 लाख डॉलरची. कोरोनाकाळातली केंद्राची मदत संपली होती आणि प्रवासी पूर्वीइतके परतले नव्हते. पण दुखणं त्याहून जुनं आहे. रोजच्या खर्चासाठी केंद्राचा पैसा 1974च्या कायद्यानं मिळू लागला. 1980च्या दशकात राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात हात आखडता झाला आणि 1998मध्ये दोन लाखांवर वस्तीच्या शहरी भागांना ही मदत बहुतांशी बंदच झाली. नवी बस घ्यायला मात्र केंद्र 80 टक्क्यांपर्यंत वाटा उचलतं. हत्ती दारात आणून बांधायचा आणि वैरणीचं तुमचं तुम्ही बघा म्हणायचं, असा हा कारभार. ड्रायव्हरचा पगार, डिझेल, वीज यांची तोंडमिळवणी नुसत्या तिकिटातून मोठ्या शहरांत होत नाही. ती व्हावी ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. रस्ते तरी कुठे स्वतःचा खर्च भागवतात?

फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे, त्या पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात ही तूट भरण्यावर दोन पक्षांचं एकमत झालं नाही. शेवटी राज्य सरकारनं सेप्टाला दुरुस्ती आणि नव्या गाड्यांसाठी राखलेल्या निधीतले 39 कोटी 40 लाख डॉलर दोन वर्षांत रोजच्या खर्चाला वापरायची मुभा दिली. 14 सप्टेंबरला बंद मार्ग सुरू झाले, भाडं 2.90 डॉलर झालं.

आणि दुरुस्तीचं काय? सेप्टाच्या उपनगरी लोकलचे 'सिल्व्हरलायनर फोर' डबे 1970च्या दशकातले. 2025 या एकाच वर्षात त्यांना पाच वेळा आग लागली. ऑक्टोबरमध्ये केंद्रीय रेल्वे प्रशासनानं असे सगळे 225 डबे तपासायचा आदेश काढला. तपासणीसाठी डबे बाहेर निघाले तशा लोकल रद्द होऊ लागल्या, उरलेल्यांत उभं राहायला जागा नाही. नोव्हेंबरात राज्यपाल जॉश शपीरो यांनी दुरुस्तीसाठी सुमारे 22 कोटी डॉलर दिले, ते बरं झालं. पण मोडून खाल्लेला निधी पुरणार 2027च्या मध्यापर्यंतच. त्याआधी विधिमंडळानं ड्रायव्हरच्या पगाराला दरवर्षीच्या अंदाजपत्रकात पक्की तरतूद द्यायला हवी, नाहीतर बंद होणाऱ्या मार्गांची यादी पुन्हा लागेल.

नमस्कार.