दारव्हा कुठं गेलं?

मंडळी, विषय ठेवलाय ‘आपला मतदारसंघ आणि आपला आमदार’, तासभर मिळालाय म्हणतात, पण मी आधी माझ्या आईची गोष्ट सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

2009 ची विधानसभा. आई पदराला चिठ्ठी गाठ मारून सकाळीच झेडपीच्या शाळेत गेली, शाळा तीच, खोली तीच, आणि थोड्या वेळानं परत आली. म्हटलं काय झालं? म्हणे, ‘बापू, आपलं नाव दिग्रसात काहून टाकलं? मी तर दारव्ह्याची व्हय.’ चिठ्ठीवर मतदारसंघ ‘दिग्रस’ छापला होता ना! तिला वाटलं मत तिकडं जाऊन द्यावं लागते, बस कोणती धरायची हेच ती विचारू लागली. मी परत घेऊन गेलो, केंद्रावरच्या साहेबांनी यादीत बोट ठेवून नाव दाखवलं, तेव्हा कुठं शाई लावून घेतली. घरी येईपर्यंत बोलली नाही. मला ते आजही लागतं, कारण मलाही तिला नीट सांगता आलं नाही की दारव्हा नावाचा मतदारसंघ संपला कसा.

संपला तो असा. 2001 च्या जनगणनेवर नव्यानं सीमा आखल्या, महाराष्ट्राच्या जागा 288 च राहिल्या पण मुंबई-ठाण्याकडं माणसं वाढली म्हणून विदर्भाच्या 66 च्या 62 झाल्या. आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या 8 च्या 7. दारव्हा, दिग्रस, नेर एकत्र आले, नाव दिग्रसचं राहिलं. संजय राठोड 2004 ला दारव्ह्यातून निवडून आले, 2009 पासून दिग्रसमधून येतात, माणूस तोच, नकाशा वेगळा. शेजारच्या पुसदचं नाव मात्र टिकलं, वसंतराव नाईक तिथलेच, 1963 ते 1975 मुख्यमंत्री, पुढं त्यांचे पुतणे सुधाकररावही मुख्यमंत्री झाले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली, तर आमदाराचं पटकन सांगतो. लोक त्यांना आपली बंद पडलेली शकुंतला रेल्वे कधी सुरू होते विचारतात, ती दिल्लीची बाब, खासदाराला विचारा. पांदण रस्ता, प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर, बंद पडलेली नळयोजना, हे विचारा आमदाराला. आणि एवढंच नाही, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तुम्ही तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, कोणता टाकला, तातडीच्या विषयाकडं सरकारचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना कोणती लावली हेही विचारा. लग्नाला आले का, तेराव्याला आले का, यावर आपण माणूस मोजतो, मला ते पटत नाही.

आणि मुख्य गोष्ट. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर सीमा पुन्हा आखल्या जातील असं घटनेत आहे. मागच्या वेळच्या कायद्यात सीमा आखणाऱ्या आयोगासोबत काही आमदार-खासदार बसायचे, पण त्यांना मत द्यायचा हक्क नव्हता. नव्या सीमांचा मसुदा मात्र छापला जायचा, हरकती मागवायचे, जाहीर बैठका व्हायच्या. कोणीही शेतकरी कागद देऊ शकत होता. मी तेव्हा तो मसुदा वाचलाच नाही, गावात कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. या वेळी तो आला की इथंच, या वाचनालयात, गावागावाच्या नावासकट मोठ्यानं वाचू. मी येतो. पोरांनो, तालुक्याचा नकाशा तेवढा आणून ठेवा.