माथेरानचं इंजिन जरा वाकून बघा

नमस्कार मंडळी. नेरळला उतरलो की आपण तिथे ठेवलेल्या छोट्या वाफेच्या इंजिनासमोर फोटो काढतो आणि टॅक्सी पकडायला धावतो, मीही कित्येक वर्षं तेच केलं. एकदा वरची गाडी चुकली म्हणून तिथेच थांबलो, खाली वाकून चाकांच्या मध्ये बघितलं, आणि तेव्हापासून या इंजिनाने मला वेडच लावलंय.

ही नेरळ-माथेरान लाइन दोन फुटी, म्हणजे दोन रुळांमध्ये फक्त दोन फुटांचं अंतर. पैसा सर आदमजी पीरभॉय यांचा, बांधली त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी, आणि १९०७ ला गाडी माथेरानला पोचली. घाटात काही ठिकाणी २० फूट पुढे गेलं की एक फूट चढ, आणि वळणं अशी की खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन समोर दिसतं. नेहमीच्या सरळ ॲक्सलची, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याची, सहा चाकं अशा वळणात अडकणार, नाहीतर रुळावरून उतरणार. म्हणून एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने, हो, आपल्या बार्शी लाइट रेल्वेवाल्यानेच, वेगळं डिझाइन केलं आणि जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलने तशी चार इंजिनं बनवली.

गंमत अशी की पुढचा आणि मागचा ॲक्सल पोकळ आहे, जाड नळीसारखा. नळीच्या आत खरा दांडा आणि मधोमध एक गोळा, आपल्या खुब्याच्या सांध्यात असतो ना तसा. चाकं फिरवणारे बाहेरचे रॉड आतल्या दांड्याला जोडलेले, तो सरळच फिरतो, पण चाकं नळीवर बसलेली आणि वळण आलं की नळी त्या गोळ्यावर जराशी तिरकी होते, चाकं रुळाच्या मागे मागे वळतात. बाहेरून यातलं काही म्हणजे काही कळत नाही!

अशी ही इंजिनं १९८२ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षं घाट चढली. वडील सांगायचे, वॉटर पाइप स्टेशनात इंजिन पाणी भरायला थांबलं की सगळे खाली उतरून डोळ्यात गेलेले कोळशाचे कण धुवायचे.

आता ७३८ नंबरचं दिल्लीच्या रेल म्युझियममध्ये आहे, ७४० थेट इंग्लंडला गेलं. लोखंड टिकलं याचा मला खूप आनंद आहे, पण ते चालवणारी माणसं आता फार थोडी उरलीत. तुमच्या घरात कुणी त्या लाइनवर ड्रायव्हर, फायरमन असेल तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, एका फेरीला कोळसा किती लागायचा, पावसात चाकं घसरली की काय करायचे, पहाटे इंजिन पेटवायला किती वाजता यावं लागायचं. आणि ते सांगतील तसंच, त्यांच्याच शब्दांत, लिहून ठेवा.