सायकल, ब्रेकव्हॅन आणि फलाटावरची हुज्जत

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्या-मुंबईहून सायकलवर कोकण, गोवा, अगदी कन्याकुमारी गाठणारे आता बरेच भेटतात. जाताना पेडल मारत जायचं, परतीला रेल्वे धरायची, असा बेत. शेकडो किलोमीटर घाट चढून आलेला माणूस दमतो तो मात्र परतीच्या फलाटावर. टीसी म्हणतो, "सायकल डब्यात चालणार नाही." सायकलवाला तिकीट पुढे करतो, "स्लीपरला 40 किलो सामान फुकट आहे, साहेब. ही तर 14 किलोची." आवाज चढतात, बघे जमतात आणि तोवर सिग्नल मिळतो.

यात खोटं कुणीच बोलत नाही. 40 किलोची सवलत खरीच. पण डब्यात न्यायच्या सामानाला मापाचीही अट आहे: लांबी 100, रुंदी 60 आणि जाडी 25 सेंटिमीटर. एक जरी माप जास्त भरलं, तर सामान ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या आणि मालाच्या डब्यात, जायला हवं. रोड बाइकचं नुसतं चाक टायरसकट 68 सेंटिमीटरच्या आसपास भरतं. सायकल सुटी करून बॅगेत भरली, तरी घोडं चाकापाशीच अडतं! घडीची सायकलही काटेकोर मोजली तर जाडीत बसत नाही, पण ती बर्थखाली सरकली की सहसा कुणी हटकत नाही. काल एकाने सोडलं आणि आज दुसऱ्याने अडवलं, की प्रवाशाला तो आपल्यावरचा अन्याय वाटतो. बुकिंग न केलेल्या जादा सामानाला सहापट आकार लागतो, तो ऐकल्यावर तर पारा आणखी चढतो.

म्हणून माझं सांगणं, डब्याच्या दाराशी जाऊच नका. थेट पार्सल ऑफिस गाठा आणि स्वतःचं तिकीट दाखवून सायकल 'लगेज' म्हणून बुक करा. पार्सल म्हणून लावली, तर ती तुमच्याच गाडीने येईल याची खात्री नाही. लगेज गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी द्यावं लागतं. मी म्हणेन, दोन तास हाताशी ठेवा. पेडल काढायला 15 नंबरचा पाना जवळ हवा. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं तरच सुटतं. हँडल आडवं वळवा, गिअरच्या बाजूला पुठ्ठा बांधा. गोणपाट, दाभण, सुतळी बाहेरचा हमालही देतो, फक्त भाव आधी ठरवा. नाव, फोन, कुठून कुठे हे दोन ठिकाणी ठळक लिहा आणि बिल्टी, म्हणजे बुकिंगची पावती, जिवापाड जपा.

गार्डची बाजूही ऐकायला हवी. 2022 पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात. मधल्या स्टेशनावर गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात ब्रेकव्हॅन उघडून, खोकी सरकवून सायकल चढवायची, आणि गाडीला उशीर झाला तर जाब त्यांनाच. कित्येक गाड्यांत मालाची जागा ठेकेदाराला दिलेली असते, तिथे त्यांचा इलाज चालत नाही. कोकणातल्या एका स्टेशनावर मी पाहिलं, एक तरुण बिल्टीशिवायच सायकल घेऊन मागच्या डब्याशी धावत आला. गार्डने हात जोडले. "बाळा, कागद नसेल तर मी ही चढवू कशी?" पोरगा रडकुंडीला आला होता. आदल्या संध्याकाळी पार्सल खिडकी बंद होती म्हणे. मला दोघांचंही वाईट वाटलं आणि ज्याने ही व्यवस्था अशी ठेवली त्याचा राग आला.

वंदे भारतला तर पार्सलचा डबाच नाही. उलट, मुंबईत मेट्रो 2अ आणि 7 वर सायकल आत नेता येते, नागपूर मेट्रोतही नेता येते. नेदरलँड्समध्ये सायकलचं वेगळं तिकीट मिळतं, डब्यावर सायकलचं चित्र असतं आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ, दुपारी चार ते साडेसहा सायकल बंद. कोणत्या दाराने, किती वाजता चढायचं, हे प्रवासी घरातून निघतानाच जाणतो.

आपल्याकडे सगळ्या गाड्यांत हे एकदम होणार नाही, कबूल. पण कोकण रेल्वेच्या मार्गावर मांडवी, कोकणकन्या, तुतारी अशा गाड्यांपासून सुरुवात करता येईल. ब्रेकव्हॅनमध्ये चार-सहा सायकली अडकवायचे हूक लावावेत. ऑनलाइन तिकीट काढतानाच सायकलचे पैसे भरून घ्यावेत. आणि सायकल कुठे, किती वाजेपर्यंत, किती पैशांत घेतली जाईल, हे स्टेशनाच्या दर्शनी भागात मराठीत लिहावं. नमस्कार.