बटण दाबलं आणि 404 आला! गिटहबचा वर्कफ्लो सुरू का होत नाही?

हे बटण बघा. 'यादी तयार करा'. लालबागच्या एका मंडळासाठी मी वर्गणीच्या पावत्यांचं छोटंसं वेब अ‍ॅप केलंय. हे दाबलं की आमचा सर्व्हर गिटहबच्या (कोड ठेवायच्या साइटच्या) एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमसाठीच्या खिडकीला, सांगतो, तिकडे अ‍ॅक्शन्स या सोयीतला वर्कफ्लो (आधी लिहून ठेवलेली कामांची साखळी) सुरू होतो, पावत्या जुळवतो आणि वर्गणीदारांची पीडीएफ काढतो. म्हणजे काढायला हवी. गणपती चार दिवसांवर आणि खजिनदार काकांचा फोन. "अरे, नुसतं 'काहीतरी चुकलं' म्हणतंय. काय चुकलं ते तरी सांग!"

आता 'काहीतरी चुकलं' हे मीच लिहून ठेवलेलं. सर्व्हरच्या लॉगमध्ये पाहिलं तर 404, म्हणजे 'असं काही सापडलं नाही'. म्हटलं, यूआरएल चुकली असणार. तासभर एकेक अक्षर तपासलं. यूआरएल चोख होती.

गंमत इथेच आहे. रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा कोड जिथे असतो ती जागा) प्रायव्हेट असेल आणि तुमच्या टोकनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या पासवर्डला, ती बघायचा हक्क नसेल, तर गिटहब 'परवानगी नाही' असं म्हणत नाही. 'नॉट फाउंड' म्हणतं. सोसायटीच्या वॉचमनसारखं: "या नावाचं इथे कोणी राहत नाही." आणि माणूस तिसऱ्या मजल्यावर जेवत बसलेला! हे मुद्दाम केलेलं आहे, कारण 'परवानगी नाही' म्हटलं की रिपॉझिटरी आहे हे कळतंच की. माझ्याकडे फाइन-ग्रेन्ड, म्हणजे नेमक्या परवानग्यांचं, टोकन होतं. ते बनवताना निवडक रिपॉझिटरी टिक करता येतात. टिक गेल्या वर्षीच्या रिपॉझिटरीवर, कोड यंदाच्या.

म्हणून 404 आला की एक करा. तेच टोकन घेऊन, त्याच सर्व्हरवरून, आधी फक्त रिपॉझिटरीची माहिती मागा. साधी गेट रिक्वेस्ट, नुसतं वाचायची. तिथेही 404? मग टोकन बघा, नाहीतर रिपॉझिटरीचं किंवा मालकाचं नाव. तिथे 200 (सगळं ठीक) आला आणि वर्कफ्लोलाच 404, तर घोळ वर्कफ्लोच्या फाइलचा. तिच्या नावाच्या शेवटी वायएमएल आहे की वायएएमएल? आणि यूआरएलमध्ये फक्त फाइलचं नाव द्यायचं, फोल्डरसकट पत्ता नाही. फाइल डिफॉल्ट ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीत, मर्ज झालीय का तेही बघा; तुमच्या स्वतःच्या ब्रँचवर ती कितीही छान दिसू दे.

403 आला तर बहुतेक वेळा रिपॉझिटरी दिसतेय, पण टोकनला अ‍ॅक्शन्सची 'राइट' परवानगी नाही. ती द्या, पुढे चला.

401 म्हणजे टोकनच चालत नाही. मुदत संपली असेल. किंवा तुम्ही ते पब्लिक रिपॉझिटरीत पुश केलंत आणि गिटहबने ते ओळखून स्वतःच रद्द केलं. हसू नका, होतं असं. त्यातलाच प्रकार म्हणजे टोकन ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये ठेवणं. वाईट हे की ते चालतं! गिटहबचा एपीआय ब्राउझरमधून हाक मारू देतो, त्यामुळे कोणी अडवत नाही, आणि ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडणाऱ्या कोणालाही तुमचं टोकन आयतं मिळतं. सर्व्हरवरच ठेवा.

मला सगळ्यात आवडतो तो 422. हा बिचारा खरं बोलतो. 'नो रेफ फाउंड' (त्या नावाची ब्रँच नाही) म्हणाला तर तुम्ही मास्टर पाठवताय आणि ब्रँचचं नाव मेन आहे. गिटहबवर ऑक्टोबर 2020 पासून नव्या रिपॉझिटरींची मुख्य ब्रँच मेन असते, पण आपण जुना कोड उचलून चिकटवतो ना! 'अनएक्स्पेक्टेड इनपुट्स' म्हणाला तर फॉर्ममधून 'वर्ष' जातंय आणि वर्कफ्लोच्या फाइलमध्ये ते लिहिलेलंच नाही. किंवा फाइलमध्ये 'ऑन'खाली वर्कफ्लो अंडरस्कोर डिस्पॅच, म्हणजे सांगितलं की सुरू व्हायची मुभा, टाकायचं राहिलंय. हे सगळं रिस्पॉन्सच्या बॉडीत, म्हणजे उत्तराच्या मजकुरात, इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं असतं. आमचा कोड बॉडी न वाचताच एरर फेकत होता. आता ती लॉगमध्ये जाते. फक्त टोकनचा हेडर लॉगमध्ये टाकू नका, प्लीज.

टोकन बदललं आणि आला 204. मी काकांना लगेच फोन केला, "झालं काका!" कुठलं झालं? 204 म्हणजे गिटहबने निरोप घेतला, एवढंच. वर्कफ्लो पुढे जाऊन पडला की पीडीएफ निघाली, ते अ‍ॅक्शन्स टॅबमध्ये बघावं लागतं, नाहीतर कोडमधून रनचं स्टेटस विचारत राहावं लागतं. मी अजून टॅब उघडतोय तोवर काकांनी, यादी दिसेना म्हणून, बटण आणखी चार वेळा दाबलं. पाच रन. पाच पीडीएफ. त्यातल्या दोन त्यांनी प्रिंटलाही दिल्या.

आता वर्कफ्लोमध्ये कन्करन्सी ग्रुप लावलाय, त्यामुळे एका वेळी एकच रन चालतो. आणि बटण एकदा दाबलं की रन संपेपर्यंत राखाडी होतं. काका म्हणतात, बिघडलंय.