गवत जळल्यावर शिक्षा कसली?

नमस्कार श्रोतेहो.

कामात ढिला पडणाऱ्या जवानाला ताळ्यावर आणायचं कसं, हा प्रश्न फौजेतल्या नव्या अधिकाऱ्याला लवकरच पडतो. साधनं तशी हाताशी असतात. रगडा, म्हणजे शिक्षा म्हणून करवून घेतलेली अंगमेहनत आहे, पाठीवर ओझं घेऊन करायची पिट्ठू परेड आहे. 1950च्या आर्मी अ‍ॅक्टनुसार कमांडिंग ऑफिसर 28 दिवसांपर्यंत कोठडी देऊ शकतो. मग ती नोंद लाल शाईनं जवानाच्या कागदांत चढते. पण हे सगळं चूक घडून गेल्यानंतरचं.

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं पत्र मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. राज्याभिषेकाच्या आसपासचा काळ, पावसाळा तोंडावर आलेला, घोडदळ मुक्कामाला. महाराज सांगतात, दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल. कोणी दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी भाजी. रयतेला तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. पुढे आगीची ताकीद. कोणी चिलमीसाठी विस्तव नेईल, वारा किती आहे बघणार नाही. रात्री दिवा तसाच ठेवाल, आणि उंदीर पेटती वात पळवून नेईल. एवढा मोठा राजा आणि उंदरापर्यंत विचार! गवत जळाल्यावर कुणब्यांच्या गर्दना मारल्या, कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी वैरण काही मिळायची नाही, हेही त्यांनीच लिहिलं आहे.

पत्रात दम आहेच. पण त्याआधी काय बिघडेल, कशानं बिघडेल, हे शिपायाला डोळ्यांसमोर दिसेल असं मांडलंय. आपल्याकडे बरेच साहेब नेमकी हीच पायरी गाळून थेट आवाज चढवतात.

याचा अर्थ महाराज मऊ होते असा नव्हे. पद्मदुर्ग या समुद्रातल्या किल्ल्याकडे रसद पोचवण्यात हयगय करणाऱ्या प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायकाला, त्यांनी जानेवारी 1675मध्ये लिहिलं, ‘ऐशा चाकरास ठीकेठीक केले पाहिजेत’, म्हणजे अशा नोकराला चांगलं वठणीवर आणलं पाहिजे. ब्राह्मण म्हणून मुलाहिजा राखणार नाही, हेही सुनावलं. आरमाराची माणसं तिथं अडकून पडली होती. तिथं गोड बोलून भागणारं नव्हतं. पन्हाळ्याच्या मोहिमेत वेळेवर न पोचलेल्या नेताजी पालकरांची तर सरनोबतीच, म्हणजे सेनापतीची जागाच, गेली.

पुढचे सरनोबत प्रतापराव गुजर यांचं प्रकरण मात्र मला अजून सुटलेलं नाही. 1673मध्ये उमराणीला पाणी तोडून कोंडलेल्या विजापूरच्या सरदाराला, बहलोलखानाला, त्यांनी सोडून दिलं. खान पुन्हा स्वराज्यावर आला. महाराजांचा राग रास्तच होता. सभासदाच्या बखरीत त्यांचा निरोप आहे: खानाला गर्दीस मिळवून, म्हणजे धुळीला मिळवून, फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका. 24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीला प्रतापराव मोजक्याच स्वारांनिशी, सांगतात की अवघ्या सहा जणांसह, खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले.

चूक प्रतापरावांचीच होती. तरीही त्या निरोपानं मानी सरदाराला परतीची एकच वाट ठेवली, असं मला वाटतं. फौज मागे असताना सरनोबतानं एकट्यानं धावून जाणं ही शिस्त नव्हे. पुढे ती जागा हंबीरराव मोहित्यांना मिळाली, आणि राजारामांसाठी महाराजांनी सून म्हणून प्रतापरावांचीच मुलगी जानकीबाई निवडली.