बंदरावरची क्लॅरिनेट

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका माणसाच्या आठवणी सांगायला बसलोय. त्याला मी आयुष्यात एकदाच पाहिलं, तेही जेमतेम दीड तास. मी कोण, कुठला, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी इतकी वर्षं झाली, संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास मला तो हटकून आठवतो. त्याचं नाव जॉर्ज लुईस. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा, जॅझ वाजवणारा क्लॅरिनेटवादक.

मी रत्नागिरीकडचा. ऐन तारुण्यात बोटीवर लागलो, इंजिनात तेलवाला म्हणून. साल १९६६. आपल्याकडे लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला होता आणि रेशनच्या दुकानांत अमेरिकन गहू मिळत होता. घराघरांतल्या वडीलधाऱ्यांना त्या गव्हाच्या चपात्या अजून आठवत असतील. तोच गहू भरायला आमची बोट मिसिसिपी नदीतून शंभरेक मैल आत जाऊन न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्याला लागली. नदी आमच्या खाडीसारखीच गढूळ, पण पलीकडचा काठ धूसर दिसावा एवढी रुंद.

बोटीवर गोव्याचा एक स्टुअर्ड होता. वयानं माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठा. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणी व्हायोलिन शिकलेला, त्यामुळे कागदावरचं संगीत त्याला वर्तमानपत्रासारखं वाचता यायचं. मुंबईच्या हॉटेलांतल्या आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे कितीतरी वादक होते, त्यांतल्या काहींच्या ओळखीही त्याला होत्या. संध्याकाळी किनाऱ्यावर जायची परवानगी मिळाली तेव्हा तो मला म्हणाला, "यो रे, बरें कितें तरी आयकयतां तुका." मी डोक्यावरून पाणी घेतलं, धुतलेला सदरा घातला आणि त्याच्या मागे निघालो.

सेंट पीटर स्ट्रीट, नंबर ७२६. प्रिझर्व्हेशन हॉल म्हणतात त्या जागेला. नाव मोठं, पण जागा म्हणजे एक जुनी खोली. १९६१ साली अ‍ॅलन आणि सँड्रा जाफी या तरुण जोडप्यानं ती चालवायला घेतली, कारण शहरातल्या म्हाताऱ्या वादकांना वाजवायला ठिकाणच उरलं नव्हतं. दारात टोपली घेऊन कुणीतरी बसलेलं असायचं, त्यात डॉलर टाकायचा आणि आत शिरायचं. भिंतींचे पोपडे निघालेले, थोडी बाकडी, पुढे जमिनीवर उशा. दारू नाही, मायक्रोफोन नाही. ट्रॉम्बोनवाल्यानं नळी पुढे सरकवली की पुढच्या रांगेतल्या माणसानं गुडघे मागे घ्यायचे.

आणि त्या जमिनीवर काळी-गोरी माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. आज यात कुणाला काही वाटणार नाही. पण अमेरिकेतला तो मोठा नागरी हक्कांचा कायदा १९६४ चा, म्हणजे तेव्हा अवघा दोन वर्षांचा होता, आणि त्याच्याही आधीपासून या खोलीत माणसं अशी बसत होती. आम्ही दोघं सावळे परके खलाशी. आम्हालाही सरकून जागा दिली.

वादक आले, खुर्च्यांवर बसले. क्लॅरिनेटवाला त्यांच्यात सगळ्यांत किरकोळ. गालफडं बसलेली, मनगटं काटकुळी, पांढरा शर्ट आणि काळा टाय. त्यानं क्लॅरिनेटची पत्ती ओठांत धरून भिजवली. आपल्या बँडवाल्यांना विचारा, कोरड्या पत्तीतून सूर निघत नाही. ती बोरूच्या जातीची असते, तिला आधी ओल लागते. तो शांतपणे ती भिजवत बसला होता आणि माझ्या शेजारचा गोवेकर कानाशी येऊन म्हणाला, "हा माणूस इथल्याच गोदीत हमाली करायचा."

श्रोतेहो, माझे वडील मुंबईच्या गोदीत हमाल होते. हातात लोखंडी आकडा, पाठीवर पोतं. १९४४ च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला, त्या दिवशी पाळी नव्हती म्हणून ते वाचले. मी त्याच वर्षीचा. रात्री त्यांच्या खांद्याला तेल चोळायचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. तो खांदा हाताला कसा लागायचा, हे मला आजही सांगता येईल. त्यामुळे समोरच्या माणसानं दिवसा बोटी रिकाम्या करून रात्री क्लॅरिनेट वाजवली, हे ऐकल्यावर माझी नजर त्याच्या बोटांवरून हलेना.

मग त्यांनी सुरुवात केली. ते संगीत मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, तरी ते मला परकं वाटलं नाही. त्याचं कारण सांगतो. आमच्याकडे गणपतीत आरत्या होतात तेव्हा सगळं घर एका वेळी गात असतं. एक जण चाल धरून असतो, कुणी खालच्या पट्टीत घुमतो, झांजा वेगळ्याच चालतात, आणि एखादी आजी सगळ्यांच्या वरून स्वतःचा बारीक सूर लावून फिरत असते. कुणी कुणाला थांबवत नाही, आणि तरी कुणाचा पाय कुणाच्या पायात येत नाही. न्यू ऑर्लिन्सचं जुनं जॅझ हे असं आहे. ट्रम्पेट चाल धरतो, ट्रॉम्बोन खालून आधार देतो, आणि क्लॅरिनेट मांडवावरच्या वेलासारखी दोघांच्या अंगाखांद्यावरून चढत जाते. जॉर्ज लुईस ते चढणं कधी घाईनं करत नसे. वर गेला की क्षणभर थांबायचा, सूर थोडा थरथरवायचा आणि उतरायचा.

तिथे फर्माईशीचे दर पाटीवर लिहून ठेवलेले होते. जुन्या चालीला एक डॉलर. गोवेकरानं खिशातून एक काढून दिला आणि म्हणाला, "बर्गंडी स्ट्रीट ब्लूज." पुढे मला कळलं की त्या शहरात या रस्त्याच्या नावातल्या 'गन'वर जोर देतात. आमचा उच्चार ऐकून म्हातारा हसला असेल, पण त्यानं मान हलवली आणि वाजवायला घेतलं.

या एका चालीची हकीकत मला नंतर पुष्कळ वर्षांनी कळली. ती सांगायलाच खरं तर मी आज आलोय.

जॉर्ज लुईसचा जन्म १३ जुलै १९०० चा, त्याच शहरातल्या फ्रेंच क्वार्टर वस्तीतला. लहान असताना आईनं खेळण्यातलं व्हायोलिन आणायला पंचवीस सेंट दिले. दुकानात व्हायोलिन संपलेली, म्हणून पोर पिपाणी घेऊन घरी आलं. पुढे सोळा-सतराव्या वर्षी चार डॉलरला पहिली क्लॅरिनेट घेतली. शिकवायला कुणी नाही, नोटेशन त्याला कधीच वाचता आलं नाही. मिरवणुकांत आणि अंत्ययात्रांत वाजणारे बँड ऐकायचे आणि घरी येऊन बोटं शोधायची. तिथे माणूस गेला की बँड संथ भजनं वाजवत स्मशानापर्यंत जातो आणि परतताना नाचायच्या चाली वाजवतो. त्या सगळ्यात तो वाढला. तिशीच्या दशकात मंदी आली, वाजवण्यावर घर चालेना, म्हणून तो गोदीत गेला. क्लॅरिनेट मात्र त्यानं सोडली नाही.

१९४२ साली जुन्या जॅझचे काही अभ्यासक बंक जॉन्सन नावाच्या म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्याचं ध्वनिमुद्रण करायला न्यू ऑर्लिन्सला आले. बंकचे दात पडलेले. सिडनी बेशे या थोर क्लॅरिनेटवादकाचा भाऊ दातांचा डॉक्टर होता, त्यानं बंकला कवळी करून दिली आणि म्हाताऱ्याला पुन्हा फुंकता येऊ लागलं. त्याच्या साथीला क्लॅरिनेटवर कोण, तर हा गोदीतला लुईस. बेचाळीस वर्षांचा झाला तेव्हा जगानं त्याला असं पहिल्यांदा नीट ऐकलं.

आणि दोन वर्षांनी, १९४४ मध्ये, धक्क्यावर काम करताना एक अवजड पेटारा त्याच्या छातीवर आला. छाती चिरडता चिरडता वाचली. फुंकून वाजवणाऱ्या माणसाची छाती! सेंट फिलिप स्ट्रीटवरच्या घरी तो अंथरुणाला खिळला. त्या काळात हातावर पोट असलेल्या माणसाच्या घरी अशा वेळी काय वातावरण असतं, ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. येणारे-जाणारे दारातच हळू बोलतात.

तेव्हा त्याचे दोन मित्र वाद्यं घेऊन घरी आले. लॉरेन्स मरेरो बॅन्जो घेऊन, आणि अल्साइड पावाजो, ज्याला सगळे लाडानं स्लो ड्रॅग म्हणत, तो आपला तो माणसाएवढा बास, म्हणजे खर्जातलं तारांचं वाद्य, घेऊन. खाटेजवळ जागा करून बसले. बिल रसेल म्हणून एक सज्जन होते, स्वतः व्हायोलिन वाजवणारे आणि संगीत रचणारे. या म्हाताऱ्या वादकांच्या पायी त्यांनी आपली उमेद आणि पदरचा पैसा घातला होता. ते तबकड्या कोरायचं आपलं फिरतं यंत्र घेऊन आले आणि त्यांनी ते त्या घरात मांडलं.

लुईसनं क्लॅरिनेट ओठांना लावली. काही ठरलेलं नव्हतं. ब्लूजची, म्हणजे तिथल्या काळ्या माणसांच्या दुःखाच्या गाण्याची, चार-चार मात्रांच्या बारा खंडांची साधी बैठक, बॅन्जो आणि बास चालत राहिलेले, आणि त्यावर तो सुचेल तसं वाजवत गेला. एक फेरी, दुसरी, तिसरी. दर फेरीला थोडं वेगळं वळण. तीच 'बर्गंडी स्ट्रीट ब्लूज'. पुढे आयुष्यभर लोक त्याच्याकडे हीच चाल मागत राहिले, आणि दुखऱ्या छातीनं त्या दिवशी शोधलेली वाट तो पुन्हा पुन्हा चालत राहिला.

काही जाणकार म्हणतात की लुईसचे सूर अधूनमधून चढे लागतात, त्याची तयारी बेनी गुडमन या नावाजलेल्या क्लॅरिनेटवादकासारखी नव्हती. चढे लागतात, हे खरं आहे. गुडमनच्या बोटांची सफाई त्याच्याकडे नव्हती, हेही खरं. पण आमच्या गावच्या देवळात एक बुवा अभंग म्हणायचे, त्यांचाही सूर कधीमधी हलायचा, आणि तरी ते नसले तर एकादशी झाल्यासारखी वाटायची नाही. मला लुईसचा एकही सूर दुरुस्त झालेला नको आहे.

या माणसाचं संगीत जगभर पसरलं त्यातही बोटीवरच्या माणसाचा हात आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. केन कॉलियर नावाचा इंग्लंडचा ट्रम्पेटवाला. न्यू ऑर्लिन्सच्या वादकांना भेटायचं म्हणून हा व्यापारी बोटीवर खलाशी झाला, १९५२ मध्ये अलाबामातल्या मोबील बंदरात बोट सोडून सरळ न्यू ऑर्लिन्सला गेला आणि लुईसच्या शेजारी बसून वाजवलं. मुदत संपली तरी राहिला, म्हणून महिनाभर तुरुंगात पडला. मग मायदेशी परतून त्यानं तेच संगीत रुजवलं. त्याच्या बँडमध्ये १९५४ साली अ‍ॅकर बिल्क क्लॅरिनेट वाजवायला आला. तोच बिल्क, ज्याची 'स्ट्रेंजर ऑन द शोर' ही धून १९६२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. ती तुमच्यापैकी पुष्कळांनी कुठे ना कुठे ऐकली असेल, कुणाची धून ते माहीत नसताना. ती ऐकली की मला तिच्यामागे सेंट फिलिप स्ट्रीटवरची ती खोली दिसते.

लुईस स्वतःही खूप फिरला. इंग्लंडला गेला, युरोपात गेला, १९६३ ते १९६५ या तीन वर्षांत तीनदा जपानला गेला. ओसाकाच्या पोरांनी त्याचं ऐकून न्यू ऑर्लिन्स पद्धतीचे बँड काढले. आणि परत आला की तो पुन्हा त्याच पोपडे निघालेल्या खोलीत, त्याच खुर्चीवर.

त्या रात्री आम्ही शेवटपर्यंत थांबलो. वाजवून झाल्यावर त्यानं क्लॅरिनेट सांध्यासांध्यातून सुटी केली, एकेक तुकडा आतून पुसला, आणि पत्ती अंगठ्यानं कोरडी करून वेगळी ठेवली. माझे वडील पाळीवरून आल्यावर आकडा असाच पुसून खुंटीला लावायचे. मला त्याच्याशी बोलायचं होतं. इंग्रजी सुचेना. नुसते हात जोडले. त्यानं क्लॅरिनेटची पेटी काखेत धरली आणि उजवा हात पुढे केला. हात लहान होता, तळव्याला राठ.

१९६८ च्या ३१ डिसेंबरला तो गेला. त्याच्या शहराच्या रिवाजाप्रमाणे त्याला बँडनं पोचवलं. आणि तीन आठवडे उलटायच्या आत स्लो ड्रॅगही गेला. मी तेव्हा कुठल्याशा बंदरात होतो, मला काही कळलं नाही. वडिलांनाही पोचवायला मी नव्हतो. बोटीवरच्या माणसाच्या नशिबी हे असतंच, पण ते सलत राहतं.

आता मी बोलणं थांबवतो, कारण आपण ती १९४४ ची तबकडी ऐकणार आहोत. थोडी खरखर आहे, ती राहू द्या. सुरुवातीला बॅन्जोचा ठेका लागेल, मग क्लॅरिनेट येईल, अगदी हळू. एक फेरी संपून दुसरी सुरू होते त्या जागेकडे तेवढं लक्ष ठेवा. तिथे तो श्वास घेतो.